सोलापूरखाली एकच कातळ नाही

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला दख्खनच्या लाव्ह्यावरचा लेख वाचला. हा विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण सोबतचा फोटो तोंडातून आग ओकणाऱ्या शंकूच्या आकाराच्या डोंगराचा कशाला? आपल्याकडचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. नंदुरबार-धुळ्याकडे त्या भेगांत थिजलेला दगड आजही भिंतींसारखा उभा आहे. तिथला एक फोटो मिळवणं अवघड नव्हतं.

फोटोचं एक वेळ सोडून देतो. 'सोलापूरच्या जमिनीखाली एकजीव काळा पाषाण असल्यामुळे पाणी मुरत नाही आणि सापडतही नाही' हे वाक्य मात्र सोडून देता येत नाही. विहिरी फोडण्यात माझा जन्म गेला. एकजीव पाषाण मला एकाही विहिरीत दिसला नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण, त्याखाली तांबडा गेरू आणि गेरूखाली पुन्हा मांजऱ्या. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे उद्रेक एका दमात झाले नाहीत. एक थर वाहिला, निवला, वर त्याची झीज होऊन माती झाली, मग दुसरा आला आणि त्याच्या धगीने खालची माती भाजून निघाली. तो आपला गेरू. प्रत्येक थराच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकून दगड सच्छिद्र झाला, पुढे त्या भोकांत पांढरी खनिजं भरली. तो मांजऱ्या. पाणी सापडतं ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. हे तुमच्या लेखात एका ओळीनेही नाही. अर्धा लेख डायनासोरांवर आहे. ते लाव्ह्याने मेले की मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीने, हा वाद शास्त्रज्ञ मिटवतील. आमच्या रानातल्या पाण्याचा वाद कोण मिटवणार?

मी एवढा चिडण्याचं कारण सांगतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात माझ्या चुलतभावाचं रान आहे. गेल्या उन्हाळ्यात बोअरच्या एजंटाने त्याला हेच ऐकवलं : खाली सगळा एकच दगड आहे, जितकं खोल जाल तितकी पाण्याची खात्री. मी बांधावर उभा राहून सांगत होतो की शंभर फुटांच्या पुढे गेरू लागलाय, तो ओला झाला की फुगतो आणि ढासळतो, केसिंग, म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, तिथपर्यंत घाला. केसिंग घातलं फक्त वरच्या मुरमापुरतं. सांध्याला आलेलं बोटभर पाणी बघूनही बोअरची गाडी थांबवली नाही, कारण पैसे फुटावर. साडेपाचशे फुटांपर्यंत नुसती कोरडी पावडर उडत राहिली. शेवटी त्या सांध्यातल्या पाण्यावर मोटर सोडली, तर महिन्याभरात गेरू खचला आणि मोटर आतच अडकली. कर्ज अजून फिटतंय. कुठल्या फुटाला कुठला दगड लागला, हे कुणी कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं नाही. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली आहेत. त्या एजंटाच्या तोंडून त्याचा उल्लेखही निघाला नाही.

आणि खोल म्हणजे तरी किती खोल? महाबळेश्वरच्या बाजूला हे थर मिळून हजार मीटरच्या वर भरतात, पण पूर्वेकडे येताना ते पातळ होत जातात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी भोक पाडलं, तेव्हा साधारण ३४० मीटरवर लाव्हा संपला आणि खाली कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. किल्लारी आपल्यापासून काही लांब नाही. हा दाखला लेखात असता, तर निदान चार शेतकऱ्यांनी गाडीवाल्याला उलट प्रश्न विचारला असता.

लेखाखालीच बोअरवेलच्या गाडीची पाव पान जाहिरात होती. जाहिराती तुम्हाला घ्याव्या लागतात, हे समजतं. पण ती नेमक्या त्याच लेखाखाली यावी याचं वाईट वाटलं.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या रविवारी सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या उघड्या विहिरीचा उभा छेद छापा, थरांच्या नावांसकट. तुमचा छायाचित्रकार पाठवा, आमच्या वडिलांनी फोडलेली विहीर मी दाखवतो. तिच्यात गेरूचा पट्टा वरून स्पष्ट दिसतो. शिवाय शहराच्या पाण्याचं वेळापत्रक तुम्ही आतल्या पानावर इतक्या बारीक अक्षरांत छापता की आमच्या आईला ते वाचता येत नाही. चार दिवसांआड येणारं पाणी त्यामुळे एकदा चुकलं आहे. तेही जरा मोठ्या अक्षरांत छापा.

आपला,
एक विहीर ठेकेदार, जुळे सोलापूर