मणिकर्णचे ऊन पाणी आणि आपले कातळ

मा. संपादक,

सुट्टीत हिमाचलला निघालेले गोंयकार बर्फ पाहून परततात, म्हणून हे पत्र. गेल्या मे महिन्यात मी कुलू जिल्ह्यातल्या मणिकर्णला गेले होते. पार्वती नदीची ती अरुंद, खोल दरी. बर्फाचे पाणी दगडांवर आपटत धावते आणि तिथेच, काठच्या खडकातून वाफा उसळतात. मी मूठभर तांदूळ फडक्यात बांधून सुतळीने कुंडात सोडले. थोड्या वेळाने गाठ सोडली तर शीत न् शीत शिजलेले! फडक्याला गंधकाचा किंचित वास होता.

तिथे ज्वालामुखी नाही. पावसाचे, बर्फाचे पाणी क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि भेगांतूनच वर येते. काही झऱ्यांचे पाणी ९० अंशांच्याही वर असते. मी पाहिले तिथे हे सांगणारा एकही फलक नव्हता.

आपल्या गोव्यात तरी वेगळे काय? हरवळ्याला धबधब्यापाशी गर्दी असते, पण शेजारची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत, हे किती मुलांना ठाऊक आहे? दूधसागर ज्या कातळावरून कोसळतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी बेसाल्टाहून, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाहून, कितीतरी जुना. छत्तीस वर्षे भूगोल शिकवताना मी हे फळ्यावर लिहीत राहिले. मुलांना तो कातळ हाताने चाचपायला मिळाला नाही, याची रुखरुख आहे.

प्रत्येक ठिकाणी मराठीत आणि कोंकणीत चार ओळींचा फलक लावावा, एवढीच पर्यटन खात्याला कळकळीची विनंती. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली