प्रोटीनच्या डब्यापासून पोरं वाचवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फॉलोअर वाढवून देतो म्हणणारे तालमीच्या दारात पुष्कळ येतात. तुम्ही एक पैसा न घेता आमच्या पैलवान पोरांना उलटंच शिकवलंत: सोशल मीडियावर काय टाकायचं नाही, आणि टाकायचंच तर कसं. म्हणून आम्हा वस्ताद मंडळींचं हे जाहीर आभारपत्र.

सगळ्यात मोठे उपकार डब्याच्या बाबतीत. कंपनीकडून प्रोटीनचे दोन डबे घरपोच, बदल्यात पोराची एक रील, असा सौदा असतो. पैसे घेतले नाहीत म्हणजे जाहिरात नाही, असं पोरं धरून चालतात. फुकट आलेला डबाही मोबदलाच, हे तुम्ही ॲस्कीचे, म्हणजे जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम पुढ्यात ठेवून दाखवलंत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर 'जाहिरात' हा शब्द किमान ३ सेकंद दिसला पाहिजे, त्याहून मोठ्या, २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओवर एकतृतीयांश वेळ. कॅप्शनमध्ये तो पहिल्या दोन ओळींत हवा. हॅशटॅगच्या ढिगात पुरलेला चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकलेल्यालाही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण दंडापेक्षा डोपिंगची धास्ती जास्त. डब्यावर न छापलेलं उत्तेजक लघवीत सापडलं तरी जबाबदारी खेळाडूचीच. 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका नाही. आता पोरं काहीही खाण्याआधी बॅच नंबर आणि सील यांचा फोटो काढतात, पावती जपतात, तळाशी चार चमचे भुकटी तपासणीसाठी राखून ठेवतात. आणि रील? बहुतेकांनी नाहीच म्हणून कळवलं.

जुन्या पोस्ट चाळायला लावल्यात तेव्हा पोरं कुरकुरली. इंग्लंडचा क्रिकेटपटू ओली रॉबिन्सन याचं उदाहरण ऐकून गप्प झाली. २०२१ मध्ये लॉर्ड्सवर त्याचं कसोटी पदार्पण आणि त्याच दिवशी २०१२-१३ ची आक्षेपार्ह ट्विटं वर आली, पाठोपाठ निलंबन.

कुस्ती हरल्यावर २४ तास फोन घरच्यांकडे आणि कमेंट फक्त फॉलोअरांना खुल्या, हा नियमही बसला. नको त्या शब्दांच्या कमेंट लपवणाऱ्या इन्स्टाग्रामच्या 'हिडन वर्ड्स'मध्ये मराठी शिव्या आपल्याला स्वतःही भरता येतात, तीच शिवी देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, एका 'ए'ने आणि दोन 'ए'नेही, हे तुम्हीच दाखवलंत. यादी पुरवायला तालमीत जाणकारांची कमी नव्हती.

पासवर्ड आता पोराकडेच असतो, मॅनेजरकडे नाही. खातं अडकलं तर आत शिरायला लागणाऱ्या बॅकअप कोडचे कागद आमच्या कपाटात आहेत. 'ब्लू टिक देतो' म्हणून आलेली लिंक उघडण्याआधी पोरं विचारायला येतात.

कुमार गटाची नवी पोरं येताहेत, तेवढा एक रविवार काढा. थंडाई आमच्याकडे.

आपले,
तालमीतले वस्ताद आणि मॅटवरचे कोच, कोल्हापूर