उतारा बाटलीवर छापलेला होता, रुग्णालयात नव्हता

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगतो. गेल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करताना कोसळला. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा ओळखायला यापेक्षा काय लागतं? मी फवारणीच्या औषधाची बाटलीही सोबत नेली होती. अति विषारीची खूण म्हणजे लाल त्रिकोण होता, विषावरच्या उताऱ्याचं नावही छापलेलं होतं: अ‍ॅट्रोपिन.

ग्रामीण रुग्णालयात पहिला प्रश्न, "प्यायला की अंगावर उडालं?" दुसरा, "पोलिसांना कळवलं का?" उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगितलंय. पण निकालाची प्रत तिथवर पोचायला साडेतीन दशकंही कमी पडली असतील.

विषाने भिजलेला शर्ट अंगावर तसाच होता. तो काढून साबण-पाण्याने अंग धुवायला कोणता निधी मंजूर व्हावा लागतो, साहेब? अ‍ॅट्रोपिनच्या होत्या तेवढ्या अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) दिल्या, संपल्या. छातीतली खरखर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत न्यायचं हे इंजेक्शन. गंभीर रुग्णाला अँप्यूलचे खोकेच्या खोके लागतात. इथे एक खोकं उघडलं आणि 'रेफर'. श्वासनळीत नळी नाही, सोबत डॉक्टर नाही. भाऊ रस्त्यातच गेला.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो भरती झाली. विशेष तपास पथक नेमलं. असं पुन्हा होणार नाही, हे तेव्हा किती जणांच्या तोंडून ऐकलं! आता ऐकतो ते वेगळंच: मास्क घातला नव्हता, हातमोजे नव्हते. ऑक्टोबरच्या उन्हात पाठीवर पंप घेऊन एक तास तो मास्क लावून दाखवा कुणीतरी. विष विकणाऱ्याला परवाना, फवारणाऱ्याला उपदेश. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकऱ्यांच्या अपघात योजनेतही मजूर बसत नाही, असं आम्हाला सांगितलं. मेला तरी कागदावर शेतकरी नाही!

मागण्या फार नाहीत. फवारणीच्या हंगामाआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅट्रोपिनचा भरपूर साठा. नळी घालता येणारा माणूस चोवीस तास. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा नंबर अपघात विभागाच्या भिंतीवर. भिंतीवर तुमच्या फोटोशेजारी जागा आहे, मी पाहिली.

पुढच्या दौऱ्यात हार घेण्याआधी औषधांचं कपाट उघडायला सांगा. आधी कळवून येऊ नका. कळलं तर ते त्या दिवसापुरतं भरून ठेवतील.

आपला,
एका शेतमजुराचा थोरला भाऊ