यंदा चित्रं बघायची नाहीत, काढायची आहेत! रंग, कागद आणि तुमचे दोन तास हवेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने आजवर सभासदांना चित्रप्रदर्शनांना नेलं, कलेवर व्याख्यानं ठेवली. यंदा त्यांच्याच हातात ब्रश द्यायचा आहे.

जर्मनीत एर्लांगेनच्या संशोधकांनी २८ निवृत्त मंडळींचे दोन गट केले. एक गट १० आठवडे चित्रकला शिकत स्वतः चित्रं काढत होता, दुसरा तितकेच आठवडे संग्रहालयातल्या चित्रांवर चर्चा करत होता. आधी आणि नंतर सगळ्यांच्या मेंदूचं एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं कामकाज दाखवणारं स्कॅन, झालं. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही मेंदूच्या काही भागांचं आपसात दळणवळण चालू असतं. आठवणींशी, स्वतःविषयीच्या विचारांशी त्याचा संबंध आहे आणि वयाबरोबर ते मंदावतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चित्रं काढणाऱ्यांमध्ये ते वाढलेलं दिसलं. ताण सोसून सावरण्याची त्यांची ताकदही वाढली. चर्चा करणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही.

२८ माणसं म्हणजे थोडीच. आजार बरा होईल असं आम्ही म्हणत नाही, औषधं कुणीही बंद करू नयेत. पण हे वाचल्यावर नुसत्या सहली काढणं आम्हाला पटेना. यजमान गेल्यापासून गप्प झालेल्या आपल्या एक सभासद काकू दिवाळीत नातवंडांबरोबर रांगोळीला बसल्या, त्या तासभर उठल्याच नाहीत. तेव्हापासून हे डोक्यात होतंच.

विरंगुळा केंद्रात दर शनिवारी दुपारी ४ ते ६, असे १० आठवडे, २० जणांसाठी वर्ग घेणार आहोत. चित्रांना नंबर नाहीत, शेवटी प्रदर्शनही नाही.

जाड कागद, पोस्टर कलर, तेलखडू आणि शाडू माती लागेल. ब्रश जाड दांडीचेच द्या, थरथरत्या बोटांना बारीक दांडी धरवत नाही. अर्धवट वापरलेल्या रंगपेट्या चालतील, वाळलेले रंग मात्र नकोत. सर्वांत मोठा खर्च चित्रकला शिक्षक आणि प्रशिक्षित आर्ट थेरपिस्ट (कलेतून मनाला आधार देणारे तज्ज्ञ) यांच्या मानधनाचा आहे. त्यांना फुकट राबवायचं नाही, असं कार्यकारिणीने ठरवलंय. एका सभासदाचा पूर्ण खर्च साधारण ९०० रुपये येईल. तेवढा उचला, किंवा जमेल तेवढा द्या. पावती मिळेल.

पैसे देणं शक्य नसेल तर शनिवारी दोन तास या. आजी-आजोबांना घरून आणायला, पाणी बदलायला, टेबलं पुसायला चार तरुण हात हवेतच. संघाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ५ ते ७ नावं घेतो आहोत.

आपले,
कार्यकारिणी सदस्य