हक्क एकवीस वर्षांचा, कागद तीन वर्षांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गरोदरपणी डोक्याच्या गोळ्या घेतल्या, बाळ व्यंगासह जन्मले, अमेरिकेत कोट्यवधींची भरपाई मिळाली’ अशा अर्थाचे संदेश फोनवर फिरत असतात. ते वाचून आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दोन गोष्टी होतात. नैराश्यावर उपचार घेणारी पोटुशी बाई कोणाला न विचारता गोळी बंद करते. आणि ज्या घरात असे बाळ आधीच आहे, तिथे सगळे आईकडे बोट दाखवतात. पूर्वी ‘ग्रहण पाळले नाही’ म्हणत, आता ‘गोळ्या खाल्ल्या’ म्हणतात. ज्या थोड्या कुटुंबांचा दावा खरोखर उभा राहिला असता, त्यांच्याकडे मात्र कागदच नसतो. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत काय झाले ते आधी नीट पाहू. नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिन या गोळीबद्दल २००५ साली इशारा निघाला. पहिल्या तीन महिन्यांत ती घेतलेल्या मातांच्या बाळांत हृदयाचे दोष, विशेषतः हृदयाच्या पडद्याला छिद्र, जास्त दिसत होते. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने (एफडीए) ही गोळी गर्भावस्थेसाठीच्या ‘डी’ गटात, म्हणजे गर्भाला धोका असल्याचा पुरावा असलेल्या औषधांत, टाकली. ऑक्टोबर २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युरीने ती बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीला एका मुलाच्या दाव्यात २५ लाख डॉलर द्यायला सांगितले आणि पुढे कंपनीने शेकडो दावे तडजोडीने मिटवले. फोनवरचा संदेश इथेच संपतो. त्याच कुळातल्या सर्ट्रालिनचे दावे मात्र कोसळले. २०१५ मध्ये दोन खटल्यांत ज्युरीने ती बनवणाऱ्या फायझर कंपनीच्या बाजूने कौल दिला. तिथल्या केंद्रीय (फेडरल) न्यायालयात दावेदारांच्या तज्ज्ञांची पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नाही म्हणून त्यांची साक्षच नाकारली गेली, २०१६ मध्ये तीनशेहून अधिक दावे एका फटक्यात निकाली निघाले आणि २०१७ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले.

याचे कारण आकड्यांत आहे. आईने एकही गोळी घेतलेली नसली तरी दर हजार बाळांत आठ ते दहा बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. पॅरॉक्सेटिनबाबत २००५ साली जी वाढ सांगितली गेली ती दीड ते दोन पट होती, म्हणजे हजारात दहाच्या जागी पंधरा ते वीस. दुप्पट धरली तरी गोळी घेतलेल्या मातांच्या अशा वीस बाळांपैकी दहांना तो दोष गोळीशिवायही झालाच असता. मग समोर बसलेले बाळ कोणत्या दहांतले, हा प्रश्न वकील विचारणारच. ‘गोळी घेतली आणि दोष निघाला’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. शिवाय २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आईचा मूळ आजार हिशेबात धरल्यावर नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे हृदयदोषात लक्षणीय वाढ दिसली नाही. विरुद्ध पक्ष हा अभ्यास पहिल्याच तारखेला पुढे करील.

दाव्याचा कणा म्हणजे तारीख. गर्भाचे हृदय गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते. शेवटची पाळी १ जूनला आली असेल तर गर्भधारणा १५ जूनच्या सुमारास धरतात. म्हणजे हृदय घडण्याचा काळ २९ जून ते १० ऑगस्ट. गोळीचे पहिले बिल २० ऑगस्टचे असेल, तर छिद्राचा संबंध त्या गोळीशी जोडता येत नाही, मग आई नंतर सहा महिने गोळ्या घेत राहिली असली तरीही. शेवटच्या महिन्यांत गोळी घेतल्यावर बाळ काही दिवस चिडचिडे राहते, थरथरते, जोरात श्वास घेते. असे सुमारे दहातल्या तीन बाळांत दिसते आणि बहुतेकदा आपोआप ओसरते. ते व्यंग नव्हे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. पाळी चुकून, तपासणी होऊन, घरात सांगेपर्यंत सहा-सात आठवडे गेलेले असतात आणि हृदय घडायला लागलेले असते. घाबरून त्या दिवशी गोळी फेकली तरी झालेला काळ मागे येत नाही, आजार मात्र उलटतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २०१ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात औषध बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के पुन्हा नैराश्यात गेल्या, चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. पॅरॉक्सेटिन तर एकदम तोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होते. औषध बदलायचे किंवा कमी करायचे ते डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो दिवस जाण्याआधी. मूल हवे असलेल्या बाईला पॅरॉक्सेटिन शक्यतो देत नाहीत, सर्ट्रालिनकडे वळवतात.

आता ‘डोक्याच्या गोळ्या’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे झोपेची, फिटची, भीतीची, नैराश्याची, सगळ्यांना हाच एक शब्द. त्यात एक औषध खरोखर धोक्याचे आहे आणि ते नैराश्याचे नाहीच: व्हाल्प्रोएट. ते फिट, मनाच्या चढउताराचा आजार आणि कधी अर्धशिशीसाठी देतात. गरोदरपणी घेतल्यास शंभरातल्या सुमारे दहा बाळांत मोठे व्यंग, एक-दोघांत पाठीच्या कण्याचा दोष आणि तीस-चाळीस मुलांत वाढीचे, शिकण्याचे प्रश्न दिसतात. म्हणूनच फ्रान्सने या पीडितांसाठी भरपाईची सरकारी व्यवस्था उभारली आणि जानेवारी २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने हे औषध विकणाऱ्या सानोफी कंपनीविरुद्धचा सामूहिक दावा ग्राह्य धरला. (फिटवाल्या बाईने हे वाचून गोळी थांबवू नये, झटक्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना मात्र आजच विचारावे.) तेव्हा भांडण करण्याआधी गोळीचे मूळ नाव वाचा. एका पाकिटात दोन औषधेही असतात, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटिनसोबत क्लोनाझेपाम (भीती आणि फिटवरचे औषध).

खरी हार कागदात होते. मेडिकलमधून पाच गोळ्या मागितल्या की पट्टी कातरून मिळते आणि बॅच नंबर, मुदत, कंपनीचे नाव असलेला तुकडा दुकानातच राहतो. आपल्याकडे एकच औषध डझनावारी कंपन्या विकतात आणि चिठ्ठीवर एक ब्रँड असताना दुसराच हातात पडतो. दोन वर्षांनी नेमक्या कोणत्या कंपनीवर दावा लावणार? बिल घेतले तरी ते थर्मल कागदाचे. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असे बिल पांढरेफटक होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा फोटो घ्यावा, त्यात तारीख, औषध, बॅच, कंपनी आणि दुकानाचा परवाना क्रमांक वाचता आला पाहिजे. ही औषधे शेड्यूल एचमधली आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. दोन वर्षांनंतर ती मागून उपयोग नाही.

पाळीच्या तारखेसाठी सगळ्यांत उपयोगी कागद म्हणजे आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी भरलेले माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून कार्ड शिरपूरला, मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी जळगावला आणि बाळाचा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) नाशिकला किंवा सुरतेला, असे विखुरलेले असते. महिनाभरात ते एका फाईलमध्ये आणा. रुग्णालयाला इनडोअर केसपेपर लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. पण जपायचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे, आणि तेही दाखल रुग्णांच्या कागदांचे. ओपीडीची चिठ्ठी तुमच्याजवळच राहिली पाहिजे. मनोविकाराच्या उपचाराची मूलभूत कागदपत्रे मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २५ मध्ये वेगळा दिला आहे.

आणि इथेच कायद्याची व कागदाची गाठ पडत नाही. दिवाणी न्यायालयात मुदत कायद्याच्या कलम ६ व ८ प्रमाणे अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत वाट मोकळी. पण त्याचा पुरावा बालवाडीत जाण्याआधीच रद्दीत गेलेला असतो.

ग्राहक आयोगाची वाट जवळची आहे, तिची मुदत दोन वर्षे (ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९). उशीर झाला तर कारण लेखी द्यावे लागते आणि ते मान्य होईलच असे नाही. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की हिमाचलची. कोणत्या आयोगाकडे जायचे ते मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही औषधासाठी किंवा उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते. ती ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग आणि पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मूल आणि आईवडील दोघेही ग्राहक ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले आहे. मात्र जिथे सर्वांना सगळे उपचार मोफत मिळतात, त्या सरकारी रुग्णालयातली सेवा १९९५ च्या निकालाप्रमाणे या कायद्यात बसत नाही. नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या बहुतेक कुटुंबांना म्हणून दिवाणी न्यायालय किंवा मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ हाच मार्ग उरतो. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

दावा कोणावर, हे आधी ठरवा. कंपनीवर लावायचा तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ खाली ‘पुरेशी सूचना दिली नाही’ असे म्हणावे लागेल. पण कलम ८७ कंपनीला पळवाट देते: औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचे असेल आणि कंपनीने तज्ज्ञाला इशारा पोचवला असेल, तर तिची जबाबदारी राहत नाही. मग प्रश्न डॉक्टरांकडे सरकतो: त्यांनी विचारले का, सांगितले का, लिहिले का? इथे बहुतेक तक्रारी अडतात, कारण चिठ्ठीवर एक ओळही नसते, ना बाजूने ना विरुद्ध. दवाखान्यासमोर जमाव नेऊन किंवा थेट पोलीस ठाण्यात जाऊन काही साधत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाप्रमाणे डॉक्टरांवरच्या फौजदारी कारवाईला ढोबळ निष्काळजीपणा लागतो.

विरुद्ध पक्ष काय विचारील तेही ऐकून ठेवा. लग्न नात्यात, मामाच्या किंवा आत्याच्या घरी झाले का? आईला साखर होती का, मशेरी-तंबाखू होती का? फॉलिक अॅसिड कधी सुरू केले? दुसरे कोणते औषध, काढा, जडीबुटी? उत्तरे खरी द्या, लपवलेली एक गोष्ट निघाली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

दाव्याच्या नादात बाळाचा उपचार थांबवू नये. हृदयाच्या छिद्रासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत तपासणी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दुष्परिणामाची नोंद औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो. गोळीच दोषी आहे हे त्यासाठी सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरतो.

खान्देशातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना आमची विनंती आहे. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईच्या चिठ्ठीवर, डोक्याची गोळी लिहिण्याआधी, शेवटच्या पाळीची तारीख आणि ‘गर्भधारणेबाबत सांगितले’ ही एक ओळ लिहावी. आणि पट्टी कातरताना बॅच नंबर बिलावर न चुकता उतरवावा, गोळ्या दोनच दिल्या तरी.

आपले विश्वासू,
मनोविकार, औषधविक्री आणि ग्राहक कायदा या क्षेत्रांत काम करणारे आपले तीन वाचक, जळगाव