ताई, खोबऱ्याच्या सगळ्या पाककृती आता सापडतात

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहायला तुम्ही परवानगी दिलीत, फक्त नाव घालू नका म्हणालात. म्हणून इथे तुम्ही नुसत्या ताई. माझ्या मालवणी पाककृतींच्या संकेतस्थळावर नेहमी येणाऱ्यांना बदल जाणवलाय. तो कुणी घडवला, हे त्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुमचा पहिला निरोप छोटासाच होता. तिरफळं घातलेल्या बांगड्याची कृती हवी होती, पण पान धड ऐकू येत नव्हतं. तुम्हाला दिसत नाही आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या प्रणालीवर तुम्ही वाचता, हे मला त्यातूनच समजलं. मग फोन संगणकाजवळ धरून तुम्ही मला माझंच पान ऐकवलंत. आवाज इंग्रजी शब्द तेवढे उच्चारत होता आणि मराठी मजकुरावर अडखळत, तो गाळत पुढे जात होता. कारण शोधलंतही तुम्हीच. तयार विकत घेतलेल्या मांडणीत पानाची भाषा इंग्रजी नोंदलेली होती. 'ईएन'च्या जागी 'एमआर' ही दोन अक्षरं आली आणि पान मराठीत बोलू लागलं. त्याच नोंदीमुळे काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्यांचाही त्यात फायदा झाला.

एनव्हीडीए ही फुकट मिळणारी प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केली. ते स्वतः अंध आहेत. हे तुम्ही किती अभिमानाने सांगितलंत! २०११च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिबाधित व्यक्ती ५० लाखांच्या वर नोंदल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणी रोज स्वयंपाक करत असणार, आणि मराठी पाककृती शोधणाऱ्याही त्यांत असणारच.

तुम्ही 'एच' दाबून शीर्षकांवरून उड्या मारत वाचता. पण माझ्या पानांवर 'साहित्य' आणि 'कृती' हे शब्द नुसते ठळक होते, शीर्षक म्हणून त्यांची नोंदच नव्हती. ती केली. 'इथे क्लिक करा' असे सगळे दुवे काढून त्या जागी पदार्थाचं नाव आलं. वड्यांच्या पिठाचं प्रमाण चित्रात होतं, ते खऱ्या तक्त्यात आलं. '१/२ वाटी'चं 'अर्धी वाटी' झालं, कारण तुमचा आवाज 'एक स्लॅश दोन' म्हणत होता. ही कामं लहानच होती, पण एकेका पानावर तुम्ही माझ्याबरोबर बसलात.

शोधाचा घोळ मात्र तुमच्याशिवाय कुणालाच सापडला नसता. 'खोबऱ्याची' असं शोधलं की निम्म्याच पाककृती यायच्या. पडद्यावर सगळीकडे शब्द अगदी सारखा दिसे, त्यामुळे डोळसांना काही उलगडेना. तुम्ही बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐकत गेलात आणि म्हणालात, "दोन पानांवरचे र वेगळे आहेत." खरंच होतं. एका कळफलकाने लिहिलेल्या पानांत नुक्त्याचा ऱ होता. दुसऱ्याने लिहिलेल्या पानांत साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारी जोडखूण. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द! आता शोधण्याआधी दोन्ही रूपं एक केली जातात. खोबऱ्याच्या वड्या, कैऱ्यांचं लोणचं, वऱ्याचे तांदूळ, सगळं एका शोधात येतं. मराठीत काही लिहून साठवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासून पाहावं.

तुमच्या अल्पदृष्टी विद्यार्थिनीचेही आभार. विकतच्या मांडणीतली पांढऱ्यावरची फिकी करडी अक्षरं तिला दिसतच नव्हती. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा फरक किमान ४.५ : १ मागितला आहे. आपण त्याच्याही पुढे गेलो. इंग्रजीच्या मापाने ठरवलेल्या ओळी इतक्या जवळजवळ होत्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडत होते. अक्षरांमधली वाढवलेली जागा शिरोरेषा तोडत होती. ओळी सुट्या केल्या, ती जागा काढून टाकली. आता पान दुप्पट मोठं केलं तरी आडवं सरकवावं लागत नाही. ज्येष्ठ वाचकांचे खुशीचे निरोप येतात ते तिच्यामुळे.

आणि सगळ्यात मोठं ऋण वाटपाचं, म्हणजे भाजून वाटायच्या खोबऱ्याचं. "खोबरं तांबूस होईपर्यंत भाजा, हे माझ्या काय कामाचं?" असं तुम्ही विचारलंत. मग फोनवर मला धरूनच तुम्ही कढई चढवलीत. खोबरं ओलसर असताना कालथा कसा मुका फिरतो आणि पुढे त्याखाली बारीक खरखर कशी सुरू होते, ते ऐकवलंत. खमंग वास सुटल्यावर आच कधी उतरवायची, चिमूट बोटांत धरून कुरकुरीत लागते का ते कसं पाहायचं, सगळं सांगितलंत. मी इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, हातांना ते ठाऊकही होतं, पण शब्दांत कधी उतरलं नव्हतं. आता प्रत्येक कृतीत रंगाबरोबर वास, आवाज आणि स्पर्शाची खूण असते. पहिल्यांदाच परदेशी राहायला गेलेली, स्वयंपाकाला नवी असलेली मुलंमुली कळवतात की आता अंदाज चुकत नाही. ताई, त्यांच्या ताटातल्या कोंबडी-वड्यांत तुमचा वाटा आहे.

दिवाळीच्या फराळाची पानं तयार आहेत. चकलीच्या भाजणीचा तक्ता 'टी' दाबून एकदा ऐका. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, प्रत्येकाची भाजल्याची खूण वेगळी लिहिली आहे. धण्यांची मला अजून पुरेशी वाटत नाही, तेवढं तुमच्या कढईवर पाहून सांगाल का?

तुमची कृतज्ञ,
पाककृती लिहिणारी मैत्रीण