हिरोचं नाव न घेता

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही ठाणं सोडून मुलीकडे राहायला गेलात, एवढंच कळलं. नेमका पत्ता कुणाकडेच नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमच्या व्हिडिओ लायब्ररीचे जुने मेंबर नौपाड्यात, चरईत, पाचपाखाडीत अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेलच.

आभार कशाचे ते आधी सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला खपायची नाही. आई पडली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, त्या सगळ्या काळात तुम्ही आमच्याकडे कॅसेटी पाठवत राहिलात. डिपॉझिट नाही, भाडं नाही, ‘उद्या सकाळी परत हवी’ अशी घाई नाही. बाबा हिशेब करायला दुकानात आले, तर तुम्ही म्हणालात, ‘वहिनी चालायला लागल्या की बघू.’ वहिनी चालायला लागल्या, पण तुम्ही काही बघितलं नाहीत. ते देणं तसंच राहिलं.

पण मला जास्त लिहायचंय ते चिठ्ठ्यांबद्दल. प्रत्येक कॅसेटच्या कव्हरात पाठकोऱ्या बिलावर निळ्या बॉलपेनने लिहिलेली एक ओळ असायची. ‘वहिनी, जेलर नको, न्हावी बघा.’ ‘वहिनी, आज इन्स्पेक्टर इन्स्पेक्टर नाही, चोरांच्या बाजूला आहे.’ आई आधी चिठ्ठी वाचायची, मगच मी कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवायची. तुमच्या दुकानाचा कायदाही तोच होता. कुणी कॉलेजकुमार ‘अमक्या हिरोचा पिक्चर द्या’ म्हणाला, की तुम्ही हात बांधून उभे. ‘हिरो सगळ्यांना दिसतो. आणखी कोण होतं सांग, मग देतो.’ तुमच्या फळ्याही तशाच लावलेल्या. ललिता पवारांचा खण, इफ्तेखारचा खण, ओमप्रकाशचा खण. धंदा म्हणून ही पद्धत अगदीच खुळी होती, हे माझं मत आजही कायम आहे. गिऱ्हाईक निम्म्या वेळा वैतागून समोरच्या गल्लीतल्या दुकानात जायचं. पण माझ्या आवडत्या सिनेमांची यादी तिथेच तयार झाली, म्हणून आज ती तुमच्याच कायद्याने सांगते.

पहिला ‘आनंद’, १९७१चा. अंथरुणावरच्या माणसाला असला सिनेमा कुणी पाठवतं का, म्हणून शेजारच्या काकू तुमच्यावर जाम उखडल्या होत्या. आईला मात्र त्यात माहेर भेटल्यासारखं झालं. रमेश देव, सीमा देव, दुर्गा खोटे, ललिता पवार, एवढी आपली माणसं एका हिंदी सिनेमात! आणि जॉनी वॉकर. अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारायची ती गंमत एवढे दिवस कुणाला कळलेली नसते. ईसाभाई सुरतवाला हा पहिला पठ्ठ्या, जो उलट ‘जयचंद’ म्हणून गळ्यात पडतो. तुमची त्या दिवशीची चिठ्ठी होती, ‘बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा.’ त्या एका ओळीने माझं सिनेमा बघणंच बदललं. त्या सिनेमात बोलतो एक जण, आणि त्याचं बोलणं खरं वाटतं ते भोवतीच्या चार-पाच चेहऱ्यांमुळे. ललिता पवारांची मेट्रन त्याला दटावते तेव्हा तिच्या आवाजात खरा राग आहे, आणि डोळ्यांत नाही. तो एक डोळा तर १९४२मध्ये शूटिंगच्या वेळी बसलेल्या थपडेने कायमचा अधू झालेला. नायिकेच्या भूमिका तिथेच संपल्या आणि मग या बाई पुढची कित्येक दशकं सासवा, घरमालकिणी आणि गंगामाई करत सगळ्यांना पुरून उरल्या.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही काउंटरवर उभ्याउभ्या सांगितलंत, कापसाला स्पिरिट लावून व्हीसीआरचं हेड पुसता पुसता. तुमची अर्धी शिकवणी अशीच झाली. स्पिरिटच्या त्या वासासकट मला पाठ आहे की फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पहिला पुरस्कार १९५४च्या ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिडना मिळाला, आणि अभिनेत्रीचा पहिला आपल्या उषाकिरणना, ‘बादबान’साठी. राष्ट्रीय पुरस्कारांत ही वर्गवारी यायला १९८४चे सिनेमे उजाडावे लागले, आणि तिथेही पहिलं नाव मराठी निघालं, ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी. हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा, जणू समारंभात टाळ्या वाजवायला तुम्हीच पहिल्या रांगेत होतात.

‘अशी ही बनवाबनवी’बद्दल (१९८८) ठाण्यात कुणाला काय सांगायचं? इथे लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक त्यातले संवाद म्हणतात. पण ‘सत्तर रुपये वारले’ या वाक्याला आपण हसतो ते सुधीर जोशींच्या सरपोतदारांमुळे, हे तुम्ही दाखवून दिलंत. ती जागा मी तुमच्या सांगण्यावरून रिवाइंड करकरून पाहिली. थाप मारणारा थाप मारतोय, त्यात काय विशेष? गंमत आहे ती थाप गिळणाऱ्यात. आधी मधुमेहाच्या औषधाची आशा, मग कुठल्याशा इस्रायलच्या मित्राच्या मरणाचं रीतसर दुःख, आणि त्या दुःखाच्या आतून हळूच डोकं वर काढणारा सत्तर रुपयांचा हिशेब. चेहऱ्यावरची एक रेघ जास्त हलली असती तर ते माकडचाळे झाले असते. पुण्याचा घरमालक असा हुबेहूब उभा करायला मुंबईचा नट लागला, ही तुमची टिप्पणी. पुणेकर मेंबरांनी ती तुमच्याकडेच पोचवावी.

‘जाने भी दो यारों’ (१९८३) आला तेव्हा आई टेकून बसायला लागली होती. तिचा आनंद वेगळाच. भक्ती बर्वे! आईने त्यांची ‘ती फुलराणी’तली मंजुळा पाहिलेली, गडकरी रंगायतन १९७८मध्ये उघडल्यापासून तलावपाळीवरचं एकही चांगलं नाटक तिने सोडलेलं नव्हतं. सगळी हौस स्टेजवरची. सिनेमातली शोभा सेन, ‘खबरदार’ची संपादिका, वरून ध्येयवादी आणि आतून पक्की सौदेबाज. आई म्हणाली, ‘बघ, ही मंजुळाच आहे, फक्त आता शिकून शहाणी झालीय.’ मी त्या दिवशी पहिल्यांदा आईकडून सिनेमा शिकले. तुमची चिठ्ठी होती सतीश शहांवर. ‘मेलेला माणूस कसा काम करतो ते पाहा.’ निम्मा सिनेमा हा गृहस्थ मढं होऊन वावरतो. ओम पुरींचा दारू प्यालेला आहुजा शवपेटीला गाडी समजून टोचन करून नेतो. शेवटी तेच मढं साडी नेसून महाभारतात द्रौपदी होतं. सगळे धावतायत, ओरडतायत, आणि मधोमध एक माणूस काहीही न करण्याचं काम इतक्या नेकीने करतोय. असं पडून राहणं सोपं नाही, याबद्दल आईचं मत त्या वेळी ग्राह्य धरायला हरकत नव्हती.

‘सिंहासन’ला (१९७९) तुमचा कायदा चालत नाही, कारण तिथे हिरोच नाही, खुर्ची आहे. निळू फुले, अरुण सरनाईक, श्रीराम लागू, सतीश दुभाषी, दत्ता भट, मोहन आगाशे, कोपऱ्यात तेव्हा अगदी नवखे नाना पाटेकर. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेल. ती कॅसेट कुठल्या खणात ठेवायची हे तुमचं कधीच ठरलं नाही. ती काउंटरवरच असायची, उदबत्तीच्या शेजारी.

आणि ‘कासाब्लांका’. १९४२चा इंग्रजी सिनेमा, आईला इंग्रजी येत नाही. तुम्ही फुलस्केपचे दोन्ही बाजूंनी भरलेले कागद पाठवलेत, अख्खी गोष्ट मराठीत, पात्रांच्या नावांपुढे खुणा: ‘टकला, जाडा, पंखेवाला’, ‘पियानोवाला, खरा ढोल वाजवणारा’. डूली विल्सन मुळात ड्रमर होता, पियानो त्याला येत नव्हता, हे मी पुढे वाचलं. तुम्ही तेव्हाच लिहिलं होतंत. कॅफेत जर्मन अधिकारी त्यांचं गाणं म्हणतात आणि समोरून अख्खं हॉटेल फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणत उठतं, तिथे तुम्ही लाल रेघ मारली होती. ‘मागची गर्दी बघा. पोरगी खरंच रडतेय.’ ती मादलेन लबो. १९४०मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा नवऱ्याबरोबर खरोखर पळून आलेली. नवरा मार्सेल दालिओही त्याच सिनेमात आहे, जुगाराच्या टेबलावर. फ्रान्समधला नावाजलेला नट इथे जुगाराच्या चाकाची राखण करतोय. आणि ज्याचा सगळ्यांना संताप येतो तो नाझी मेजर, कॉनराड फाइट, तो स्वतः नाझींच्या राजवटीला कंटाळून जर्मनी सोडलेला. त्या सेटवरची किती माणसं युरोपातून जीव घेऊन आली होती! आईला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती उशीचा अभ्रा डोळ्यांना लावून बसली होती.

एका कॅसेटबद्दल मात्र आईने सांगितल्याशिवाय मला कळलंच नसतं. ‘पथेर पांचाली’ मी दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा तुम्ही ‘बाहेर गेलीय’ म्हणालात. आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागली, त्याच आठवड्यात ती कॅसेट न मागता आली. चुनीबाला देवींची इंदिर ठाकरुण, ऐंशीच्या घरातली रंगभूमीवरची जुनी नटी, वाकलेली, कुणालाच नकोशी झालेली म्हातारी. सिनेमा लोकांसमोर यायच्या आत त्या गेल्यादेखील. आई सिनेमा संपल्यावर म्हणाली, ‘हा माझ्यापासून लपवून ठेवला होता त्यांनी. बरं केलं.’ काका, डॉक्टरांची फी आम्ही दिली, मालिशवालीचे पैसे दिले. ह्याचे कसे द्यायचे?

आता सगळं फोनवर मिळतं. तक्रार नाही, ‘स्टेजकोच’ही घरबसल्या बघायला मिळाला. त्यातला दारुडा डॉक्टर थॉमस मिचेल, ज्याने एकट्या १९३९ सालात ‘गॉन विथ द विंड’सकट पाच मोठ्या सिनेमांत कामं केली आणि ‘स्टेजकोच’साठी ऑस्कर नेलं. तुमच्याकडे त्याचा खण नव्हता, असायला हवा होता. पण एका गोष्टीचा राग येतो. सिनेमा संपून नावं सुरू झाली रे झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि पुढच्या सिनेमाची उलटी मोजणी चालू होते. नावं वाचायची तर रिमोट हातात धरून टपून बसावं लागतं. मी बसते. माझा मुलगा हसतो, पण परवा त्यानेच ‘शोले’तला कालिया आणि ‘बनवाबनवी’तला बळी एकच, विजू खोटे, हे न सांगता ओळखलं. म्हणजे तुमची शाखा अजून चालू आहे.

आता एक शंका. ‘अनाडी’तली (१९५९) घरमालकीण मिसेस डिसा आणि ‘आनंद’मधली मेट्रन डिसा. दोन्ही ललिता पवार, दोन्ही सिनेमे हृषीकेश मुखर्जींचे. हे मुद्दाम केलं असेल का? ‘अनाडी’साठी बाईंना फिल्मफेअर मिळालं, म्हणून आडनाव शकुनाचं ठरलं की काय? तुमचं याबद्दल नक्की काहीतरी ठाम मत असणार.

आई बरी आहे. काठी घेते, पण जिने चढते, आणि तिचा निरोप आहे, जसाच्या तसा लिही म्हणाली. ‘गोलमाल’च्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं होतं, की उत्पल दत्तांना बक्षीस मिळालं ते ठीक, पण खिडकीतून चढून येणाऱ्या दीना पाठकपेक्षा आत्या झालेल्या शुभा खोटेंचं काम वरचढ आहे. आईला हे तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. ‘खोटी आई व्हायचं, मग त्या खोट्या आईची खोटी जुळी बहीण व्हायचं, आणि वर खिडकीतून उडी. त्यांना म्हणावं, सिनेमा पुन्हा बघा आणि मग बोला.’

उत्तर आईच्या नावाने पाठवा. पत्ता तोच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चरईतली मेंबर
(कार्ड तुमच्याकडेच राहिलंय)